नव्वदच्या दशकातील अल्टरनेटिव्ह रॉक अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकातील सर्वश्रेष्ठ अल्टरनेटिव्ह अल्बम कोणता, हा वाद चाहत्यांमध्ये तीसहून अधिक वर्षे चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. पुढील उत्तरे तटस्थ असल्याचा दावा नाही. जेथे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवलेली बरी. या अल्बमांवरून होणारे बहुतेक वाद वरवर गाण्यांचे वाटले, तरी मुळाशी ते ध्वनिमुद्रणाचे असतात. गिटार किती जवळून ऐकू यावी, गाणाऱ्याचा आवाज किती पुढे असावा, ड्रमचा घुमारा किती ठेवावा, यावर दोघांचे पटले नाही की पुढची सगळी चर्चा फिसकटते. म्हणूनच या उत्तरांत गायकांच्या बरोबरीने निर्मात्यांची आणि ध्वनिमुद्रकांची नावे वारंवार येतील.

अल्टरनेटिव्ह रॉक नेमके कशाला म्हणायचे?

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे, छोट्या स्वतंत्र रेकॉर्ड कंपन्या आणि चाहत्यांनी स्वतःच छापून वाटलेली नियतकालिके यांच्या आधाराने जे बँड वाढले, त्यांच्या संगीताला हे नाव मिळाले. आर.ई.एम., सॉनिक यूथ आणि पिक्सीज ही त्यांतील ठळक नावे असून या तिघांच्या शैलींत फारसे साम्य नाही, यावरूनच हे नाव शैलीपेक्षा वाटेचे अधिक आहे हे लक्षात येते. १९८८ मध्ये 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने अशा गाण्यांसाठी रेडिओवरील प्रसारणाची स्वतंत्र यादी सुरू केली आणि १९९१ मध्ये ग्रॅमी पुरस्कारांत या संगीतासाठी वेगळा विभाग आला. त्या विभागाचा पहिलाच पुरस्कार शिनेड ओकॉनर यांना जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. एखादा अल्बम अल्टरनेटिव्ह आहे की नाही, असा वाद निघाला तर तो बँड कोणत्या वाटेने आला हे पाहावे. व्याख्या म्हणून हे काटेकोर नाही, पण कामचलाऊ नक्कीच आहे.

सगळ्या चर्चा १९९१ या वर्षापाशीच का येऊन थांबतात?

त्या वर्षीच्या अल्बमांवर नुसती नजर टाकली तरी उत्तर मिळते. मार्चमध्ये आर.ई.एम.चा 'आउट ऑफ टाइम' आणि स्लिंटचा 'स्पायडरलँड', ऑगस्टमध्ये पर्ल जॅमचा 'टेन', २४ सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आणि त्याच दिवशी रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक', ऑक्टोबरात साउंडगार्डनचा 'बॅडमोटरफिंगर' आणि नोव्हेंबरात माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस'. शिवाय त्याच उन्हाळ्यात जेन्स ॲडिक्शन या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून 'लोलापलूझा' हा फिरता महोत्सव सुरू झाला.

याखेरीज एक कारण आहे, ज्याची चाहत्यांच्या चर्चेत क्वचितच दखल घेतली जाते. मे १९९१ पर्यंत 'बिलबोर्ड'ची अल्बमांची यादी दुकानदारांनी कळवलेल्या अंदाजांवर बेतलेली असे, आणि दुकानातल्या माणसाला जे खपेल असे वाटते तेच यादीत वर चढण्याची शक्यता त्यात होती. २५ मे १९९१ च्या अंकापासून साउंडस्कॅन या यंत्रणेच्या साहाय्याने दुकानांतील बारकोडवर नोंदलेली प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली, आणि ज्या संगीताकडे व्यवसायाने दुर्लक्ष केले होते त्याचा खरा खप कागदावर उतरू लागला. 'नेव्हरमाइंड'च्या सुरुवातीला अमेरिकेत सुमारे ४६ हजार प्रतीच बाजारात पाठवल्या गेल्या होत्या, कारण कंपनीचाच अंदाज तेवढा होता. जानेवारी १९९२ मध्ये त्याच अल्बमने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवले.

मी यातले काहीच ऐकलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

या प्रश्नाला चाहते बहुधा स्वतःच्या आवडत्या अल्बमचे नाव सांगून मोकळे होतात, आणि नवख्या माणसाचा उत्साह तेथेच मावळतो. आधी विचारणाऱ्याच्या कानाला कशाची सवय आहे, हे पाहिले पाहिजे.

चाल आणि शब्द महत्त्वाचे वाटत असतील तर आर.ई.एम.चा 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२) घ्यावा. मृत्यू, वय आणि आठवणी यांभोवती फिरणारा हा संथ, गंभीर अल्बम आहे. त्यातील काही गाण्यांची तंतुवाद्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्स यांनी केली असून तिच्यात कोठेही भपका नाही. सत्तरच्या दशकातील जड हार्ड रॉकची सवय असलेल्याने साउंडगार्डनच्या 'सुपरअननोन'पासून (१९९४) सुरुवात करावी. गायकी हेच ज्याचे पहिले प्रेम आहे त्याच्यासाठी जेफ बकलीचा 'ग्रेस' (१९९४) आहे, आणि ज्याला तीन मिनिटांची, चटकन तोंडात बसणारी गाणी हवी आहेत त्याच्यासाठी त्याच वर्षीचा वीझरचा निळ्या मुखपृष्ठाचा पहिला अल्बम आहे, ज्याची निर्मिती द कार्स या बँडच्या रिक ओकॅसेक यांनी केली होती.

त्यानंतरची वाट मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूस छापलेली असते. 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'चे सहनिर्माते स्कॉट लिट यांचे नाव पुढे निर्वाणाच्या 'इन युटेरो'वरही आढळते. 'नेव्हरमाइंड'चे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे टिपलेले आवाज आणि वाद्ये एकत्र जुळवण्याचे काम, करणारे अँडी वॉलेस हेच 'ग्रेस'चे निर्माते. 'नेव्हरमाइंड'चे निर्माते बुच विग यांनी स्मॅशिंग पम्पकिन्सचा 'सायमीज ड्रीम' घडवला आणि नंतर गार्बेज या बँडमध्ये स्वतः ड्रम वाजवले. एखाद्या अल्बमचा ध्वनी आवडला तर त्या माणसाचे नाव शोधून पुढचा अल्बम निवडणे, ही कोणत्याही शंभरांच्या यादीपेक्षा अधिक भरवशाची पद्धत आहे.

'नेव्हरमाइंड' श्रेष्ठ की 'इन युटेरो'?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि मूळ मुद्दा याच्याइतका दुसरीकडे कोठेही स्पष्ट होत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले आहे.

'नेव्हरमाइंड' लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस येथील साउंड सिटी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. बुच विग यांनी निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन याच्याकडून गाण्याचे तेच शब्द पुन्हा गाऊन घेतले आणि दोन्ही आवाज एकमेकांवर चढवले. कोबेनला हा प्रकार खोटा वाटत असे, तेव्हा जॉन लेननही असेच करत असे, हे सांगून विग यांनी त्याला राजी केले. पुढे अँडी वॉलेस यांनी केलेल्या मिक्सिंगमुळे ड्रमला मोठ्या दालनाचा भरदारपणा आला आणि गिटारच्या कडा घासूनपुसून निघाल्या. परिणामी मुळात पंकच्या वळणाची ही गाणी कोणत्याही रेडिओवर, कोणत्याही मोटारीत, कमी आवाजातसुद्धा ठसठशीत ऐकू येतात. कोबेनने नंतर या गुळगुळीतपणाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, मात्र अल्बम पूर्ण झाला तेव्हा त्याला तो आवडला होता, असे त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितले आहे.

'इन युटेरो'साठी बँडने स्टीव्ह अल्बिनी यांची निवड केली. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसत. बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर उतरवणे एवढेच आपले काम, अशी त्यांची ठाम भूमिका होती. त्यांनी विक्रीतील वाटा नाकारून एकरकमी एक लाख डॉलर घेतले, आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातील कॅनन फॉल्स येथील पॅकिडर्म स्टुडिओत जवळपास दोन आठवड्यांत काम संपवले. ड्रमभोवती अनेक मायक्रोफोन लावून खोलीचा नैसर्गिक घुमारा टिपण्याची त्यांची पद्धत पहिल्या गाण्यापासूनच जाणवते. पुढे कंपनीत आणि बँडमध्येही शंका निघाल्या, मास्टरिंगच्या, म्हणजे तयार मिक्सिंगवर शेवटचा हात फिरवण्याच्या, वेळी गायनाचा आवाज थोडा वर आणला गेला आणि 'हार्ट-शेप्ड बॉक्स' व 'ऑल अपॉलॉजीज' या दोन गाण्यांचे मिक्सिंग स्कॉट लिट यांच्याकडून नव्याने करून घेण्यात आले. २०१३ च्या विशेष आवृत्तीत खुद्द अल्बिनी यांनी केलेले नवे मिक्सिंगही आहे, त्यामुळे वाद घालणाऱ्यांना आता दोन 'इन युटेरो' उपलब्ध आहेत.

माझे मत 'इन युटेरो'च्या बाजूने आहे. 'नेव्हरमाइंड'मधील गाणी अधिक चांगली बांधलेली आहेत, हे मान्य करूनही मी ते मत बदलत नाही, कारण 'इन युटेरो'त कोबेनचा आवाज घशातून फाटत असताना त्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मध्ये काहीच उरत नाही. ज्यांना गाण्याची घडण महत्त्वाची वाटते ते उलट बाजूला उभे राहतील आणि त्यांना चूक ठरवणारा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही. तिसऱ्या गटाचे चाहते सब पॉप कंपनीने १९८९ मध्ये काढलेल्या 'ब्लीच'चे नाव घेतात. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा ६०६ डॉलरांचा खर्च प्रसिद्ध आहे, परंतु स्वस्ताई हा गुण धरला तरी गाण्यांत तो पुढच्या दोन्ही अल्बमांच्या मागेच राहतो.

निर्वाणाखेरीज सिॲटलच्या इतर बँडपैकी कोणाचा अल्बम आधी ऐकावा?

ॲलिस इन चेन्सचा 'डर्ट' (१९९२). लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांच्या आवाजांची जवळजवळची, किंचित बेसूर भासणारी सुरावट ही त्या काळातील सर्वांत ओळखू येणारी खूण आहे. व्यसनाविषयी इतके निर्दय आणि आत्मसमर्थन न करणारे लेखन रॉकमध्ये फार थोडे सापडते. मात्र तो सलग ऐकणे जड जाते, हेही सांगितले पाहिजे.

पर्ल जॅमच्या 'टेन'ची गाणी उत्तम आहेत, परंतु मूळ मिक्सिंगमध्ये रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा, इतका मारा आहे की बँड एखाद्या रिकाम्या सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला वाजत असल्यासारखा वाटतो. बँडच्या सदस्यांनाही ते खटकत होते आणि २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायन यांनी केलेले कोरडे, जवळचे मिक्सिंग मूळ अल्बमसोबत प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, ज्यांनी 'टेन' लहानपणी ऐकला त्यांपैकी अनेकांना हे सुधारलेले रूप परके वाटते. नव्याने ऐकणाऱ्याने मी तर २००९ चेच मिक्सिंग घ्यावे असे म्हणेन. 'व्हायटॉलॉजी' (१९९४) हा या बँडचा अधिक विक्षिप्त आणि अधिक धीट अल्बम आहे. बँडने तो आधी एलपीवर आणि दोन आठवड्यांनी सीडीवर आणला होता, तोही एलपी जवळपास बाद झालेल्या काळात.

मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या बँडने आपले तत्त्व विकले, असे म्हणणे योग्य आहे का?

माझ्या मते नाही, आणि अल्बमची शिफारस करताना हा मुद्दा आणूही नये. सॉनिक यूथने मोठ्या कंपनीत जाऊन 'गू' (१९९०) आणि 'डर्टी' (१९९२) केले, तरी त्यांच्या गिटारी पूर्वीसारख्याच विचित्र स्वरांत लावलेल्या राहिल्या. दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड आहे. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या डिसकॉर्ड कंपनीतूनच ध्वनिमुद्रिका काढल्या आणि कार्यक्रमांचे तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवले. त्यांचा 'रिपीटर' (१९९०) ऐकावा तो त्यातील दोन गिटारींच्या वाद-संवादासाठी. तत्त्वनिष्ठा हा त्या बँडचा मान आहे, अल्बमचा गुण वेगळा.

'लव्हलेस'ची एवढी स्तुती होते, मला मात्र नुसता गोंगाट ऐकू येतो. माझे काही चुकते आहे का?

चुकत नाही. पहिल्यांदा बहुतेकांना तसेच ऐकू येते, आणि त्याचे कारण अल्बमच्या रचनेत आहे. सर्वसाधारण रॉक अल्बममध्ये गायन सर्वांत पुढे असते आणि कान आपोआप त्याला धरून चालतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचे गिटारवादक केव्हिन शील्ड्स यांनी येथे गायन गिटारच्या पातळीवर, कित्येकदा तिच्याही खाली ठेवले आहे, त्यामुळे धरायला काठी मिळत नाही. गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात धरून ठेवतच ते तारा छेडत असल्यामुळे प्रत्येक स्वर सतत किंचित वर-खाली सरकतो, आणि ऐकणाऱ्याला वाद्याऐवजी डोलणारा एक अखंड पडदा ऐकू येतो. शील्ड्स यांनी हे घडवायला सुमारे दोन वर्षे आणि १९ स्टुडिओ घेतले. क्रिएशन ही कंपनी त्या खर्चाने कोलमडण्याच्या बेतात आली होती, अशी आख्यायिका आहे. खर्चाचा सांगितला जाणारा आकडा फुगवलेला असल्याचे शील्ड्स यांनी म्हटले आहे.

ऐकण्याचा एक उपाय सुचवतो. शब्द समजून घेण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि खालच्या बाजूला चाललेल्या चालीकडे लक्ष द्यावे, कारण त्या थरांखाली अत्यंत साध्या, जवळजवळ अंगाईसारख्या चाली आहेत. तरीही जमले नाही तर आधी स्लोडाइव्हचा 'सुव्लाकी' (१९९३) ऐकावा. तो याच घराण्याचा आहे, पण त्यात गाणे आणि गोंगाट यांची फारकत स्पष्ट आहे आणि दोन गाण्यांत संगीतकार ब्रायन ईनो यांचा सहभाग आहे. प्रसिद्ध झाला तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. आज त्या समीक्षा कोणाला आठवत नाहीत, हा काव्यगत न्याय म्हणायचा.

ब्रिटपॉपचे अल्बम या यादीत धरावेत का?

ब्रिटपॉप म्हणजे नव्वदच्या दशकातील ब्रिटिश गिटार बँडची लाट. तिचे अल्बम धरावेत, पण त्यांच्या वादांना फार महत्त्व देऊ नये. १४ ऑगस्ट १९९५ रोजी ब्लर आणि ओएसिस यांची गाणी एकाच दिवशी बाजारात आली, ब्लरच्या २ लाख ७४ हजार आणि ओएसिसच्या २ लाख १६ हजार प्रती खपल्या, आणि ब्रिटिश वृत्तपत्रांना महिनाभर पुरेल एवढा मजकूर मिळाला. त्या दोन गाण्यांपैकी एकही त्या बँडच्या सर्वोत्तम दहा गाण्यांत बसणार नाही.

ओएसिसचा 'डेफिनेटली मेबी' (१९९४) हा त्यांचा खरा अल्बम. पहिल्या प्रयत्नातील ध्वनिमुद्रण बाद करून तो पुन्हा केला गेला आणि अखेरीस ओवेन मॉरिस यांनी मिक्सिंगमध्ये त्याला आजचे कान भरून टाकणारे रूप दिले. मात्र माझी शिफारस पल्पच्या 'डिफरंट क्लास'ची (१९९५) आहे. १९७८ पासून चाललेल्या आणि बराच काळ दुर्लक्षित राहिलेल्या या शेफील्डच्या बँडने वर्गभेद, ईर्षा आणि शरीरसंबंध यांवर इतकी तिखट आणि विनोदी गाणी लिहिली की, वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार १९९६ मध्ये त्यांना मिळाल्याचे कोणालाच आश्चर्य वाटले नसावे. स्वेडचा पहिला अल्बम (१९९३) हाही याच पुरस्काराचा मानकरी आहे.

रेडिओहेडचा 'द बेंड्स' की 'ओके कॉम्प्युटर'?

'ओके कॉम्प्युटर' (१९९७) मोठा अल्बम आहे, याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. बाथजवळच्या सेंट कॅथरीन्स कोर्ट या जुन्या हवेलीत बँडने निर्माते निजेल गॉड्रिच यांच्यासोबत त्याचा बराचसा भाग केला आणि हवेलीतील दालने व दगडी जिना यांचा नैसर्गिक घुमारा वापरून घेतला. यंत्रयुगातील एकाकीपणाविषयीचा म्हणून गाजलेला अल्बम अशा वास्तूत घडला, ही विसंगती सुखद आहे.

परंतु शिफारस म्हणून 'द बेंड्स' (१९९५) आधी द्यावा. जॉन लेकी यांनी निर्मिलेल्या या अल्बममध्ये तीन गिटारींचा बँड आपल्या शक्तीच्या शिखरावर आहे. तो ऐकल्यावरच 'ओके कॉम्प्युटर'मध्ये त्या बँडने कशाचा त्याग केला हे कळते. त्याचे मिक्सिंग पॉल कोल्डेरी आणि शॉन स्लेड यांनी केले होते, आणि याच जोडीने होलच्या 'लिव्ह थ्रू धिस'ची निर्मिती केली, जो पुढच्या उत्तराचा विषय आहे.

सर्वोत्तम अल्बमांच्या याद्यांत स्त्रियांचे अल्बम खालच्या क्रमांकांवर का असतात?

बऱ्याच याद्या पुरुष चाहत्यांनी, पुरुष समीक्षकांच्या लेखनाच्या आधारे केलेल्या असतात, हे साधे उत्तर आहे. त्या काळाचे चित्र तसे नव्हते. 'व्हिलेज व्हॉइस'च्या समीक्षकांच्या वार्षिक मतदानात १९९३ चा सर्वोत्तम अल्बम लिझ फेअरचा 'एक्झाइल इन गायव्हिल' ठरला होता, आणि त्याच वर्षी 'इन युटेरो' आलेला होता. फेअरने १८ गाण्यांचा हा अल्बम रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'ला दिलेले उत्तर असल्याचे सांगितले. त्यातील अनेक गाण्यांची मूळ रूपे तिने १९९१ मध्ये घरी ध्वनिमुद्रित केलेल्या 'गर्ली-साउंड' कॅसेटांवर आहेत. कॅसेटांतील एकट्या गिटारीवरची गाणी सरस की ब्रॅड वूड यांच्यासोबत केलेला अल्बम सरस, हा वाद पुन्हा ध्वनीचाच आहे.

असाच वाद पी.जे. हार्वीच्या 'रिड ऑफ मी'वरून (१९९३) होतो. पॅकिडर्म स्टुडिओतच अल्बिनी यांनी केलेल्या या ध्वनिमुद्रणात कुजबूज आणि स्फोट यांतील अंतर इतके आहे की, शांत भाग ऐकण्यासाठी आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी तो धावत जाऊन कमी करावा लागतो. हार्वीने त्याच वर्षी 'फोर-ट्रॅक डेमोज' नावाने घरगुती ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली आणि चाहत्यांत कायमचे दोन तट पडले. मी पूर्ण बँडच्या बाजूचा आहे. ज्यांना दोन्ही नको असतील त्यांनी 'टू ब्रिंग यू माय लव्ह' (१९९५) घ्यावा.

'लिव्ह थ्रू धिस' १२ एप्रिल १९९४ रोजी, कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर अवघ्या आठवड्याभरात बाजारात आला आणि तेव्हापासून तो स्वतःच्या बळावर क्वचितच ऐकला गेला. ही गाणी खरे तर कोबेननेच लिहिली, ही कुजबूज आजही ऐकू येते. तिला कोणताही विश्वासार्ह आधार नाही. होलची गायिका आणि कोबेनची पत्नी कोर्टनी लव्ह हिने बाहुल्या, दूध, मातृत्व आणि सौंदर्यस्पर्धा यांची जी प्रतिमासृष्टी उभी केली आहे ती तिच्या आधीच्या लेखनाशी सलग आहे, आणि एवढे कारण पुरेसे आहे. ब्रीडर्सचा 'लास्ट स्प्लॅश' (१९९३) ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी तो कोणतीही प्रस्तावना न वाचता ऐकावा.

कमी खपलेले, परंतु नंतर मोठे ठरलेले अल्बम कोणते?

पहिले नाव स्लिंटच्या 'स्पायडरलँड'चे. केंटकीतील लुइव्हिलच्या विशीच्या आतबाहेरच्या तरुणांनी शिकागोत ऑगस्ट १९९० मध्ये चार दिवसांत सहा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि अल्बम बाजारात येईपर्यंत बँड मोडलाही होता. अर्धवट पुटपुटलेली कथने, विषम ताल आणि अचानक उसळणारी गिटार यांतून पुढे पोस्ट-रॉक म्हणून ओळखले गेलेले बरेचसे संगीत निघाले. ब्रायन पॉलसन यांचे ध्वनिमुद्रण इतके निर्लेप आहे की, गाण्यातली शांतता हेही एक वाद्य वाटू लागते.

पेव्हमेंटचा 'स्लँटेड अँड एन्चँटेड' (१९९२) कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे, ड्रमवादक गॅरी यंग यांच्या घरच्या स्टुडिओत झाला. त्याचा खरखरीत, कडेला फाटणारा ध्वनी हा निष्काळजीपणा आहे असे वाटत असेल तर त्यांचाच 'क्रुकेड रेन, क्रुकेड रेन' (१९९४) ऐकावा, म्हणजे नीटनेटके गाणेही त्यांना येत होते हे पटेल. वीझरच्या 'पिंकर्टन'चे (१९९६) प्रथम थंडे स्वागत झाले आणि पुढच्या पिढीने त्याला डोक्यावर घेतले. न्यूट्रल मिल्क हॉटेलच्या 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी'ची (१९९८) भक्ती काही वेळा अति होते, पण फाटलेली ॲकॉस्टिक गिटार आणि रडवेली पितळी वाद्ये यांचा तो मेळ दुसऱ्या कोणाला साधला नाही, हेही खरे.

या काळातील अल्बम एवढे लांब का असतात?

सीडीमुळे. एलपीच्या एका बाजूवर चांगल्या ध्वनीसह साधारण वीस-बावीस मिनिटे बसतात. सीडीवर ७४ मिनिटे मिळू लागली आणि गाणी गाळण्याची सक्ती संपली. 'सुपरअननोन' सुमारे ७० मिनिटांचा आहे, तो ५० मिनिटांचा असता तर आणखी चांगला झाला असता. स्मॅशिंग पम्पकिन्सच्या 'मेलन कॉली अँड द इन्फिनिट सॅडनेस'मध्ये (१९९५) दोन सीडींवर २८ गाणी आहेत. बँडप्रमुख बिली कॉर्गन यांची महत्त्वाकांक्षा मान्य करूनही माझ्या दृष्टीने 'सायमीज ड्रीम' (१९९३) हाच त्यांचा संपूर्ण अल्बम आहे, ज्यात गिटारचे डझनावारी थर एकावर एक चढवूनही चाल कोठे हरवत नाही. शेवटच्या गाण्यानंतर बराच वेळ शांतता ठेवून लपवलेले गाणे ही याच सोयीची दुसरी खोड. 'नेव्हरमाइंड'च्या पहिल्या काही प्रतींवर तसे गाणे चुकून राहूनच गेले होते.

जुनी आवृत्ती घ्यावी की रीमास्टर केलेली?

शक्य असेल तेथे त्या काळची आवृत्ती घ्यावी. नंतरच्या अनेक रीमास्टरमध्ये एकूण आवाजाची पातळी इतकी चढवलेली असते की, हळू आणि मोठ्या भागांतील फरक दबून जातो, आणि 'रिड ऑफ मी'सारख्या अल्बमचा प्राणच त्या फरकात आहे. अर्थात त्या काळच्या सर्वच सीडी निर्दोष नव्हत्या. ओएसिसचा 'मॉर्निंग ग्लोरी' (१९९५) मूळ सीडीवरच एवढा चढवलेला होता की, ध्वनीच्या या शर्यतीचे उदाहरण म्हणून आजही त्याचेच नाव दिले जाते. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सिंगवर शेवटचा हात. रीमिक्स म्हणजे मूळ टेपवरील वाद्ये पुन्हा जुळवणे. विकत घेण्याआधी यांपैकी काय केले आहे, ते वाचून घ्यावे.

कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण किंवा ईपी (अल्बमपेक्षा लहान ध्वनिमुद्रिका) यांना अल्बम म्हणून मत देता येते का?

देता येते. निर्वाणाचे नोव्हेंबर १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले 'एमटीव्ही अनप्लग्ड' आणि ॲलिस इन चेन्सचा 'जार ऑफ फ्लाइज' (१९९४) यांना वगळणारी यादी नियमांसाठी केलेली असते, श्रोत्यांसाठी नव्हे. 'जार ऑफ फ्लाइज' हा 'बिलबोर्ड'च्या अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेला पहिला ईपी होता.

१९९७ नंतरचे काय ऐकावे?

सिॲटलच्या बँडनी आणलेल्या ग्रंज या जड, खरखरीत रॉकची लाट तोपर्यंत ओसरली होती आणि रेडिओवर तिच्या नकला वाजत होत्या, त्यामुळे पुष्कळ चाहते येथेच थांबतात. त्यांनी थांबू नये. १९९७ मध्येच एलियट स्मिथचा 'आयदर/ऑर', यो ला टेंगोचा 'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन' आणि मॉडेस्ट माउसचा 'द लोन्सम क्राउडेड वेस्ट' आले. त्याच वर्षी फ्लेमिंग लिप्सने 'झायरीका' काढला. त्याच्या चार सीडी चार वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावाव्या लागतात, त्यामुळे तो ऐकण्यासाठी किमान तीन मित्र आणि बरीच चिकाटी हवी. त्या प्रयोगातून शिकलेले सगळे त्यांनी डेव्ह फ्रिडमन यांच्यासोबत 'द सॉफ्ट बुलेटिन'मध्ये (१९९९) एकाच सीडीवर आणले, आणि दशकाच्या अखेरचा एकच अल्बम सुचवायचा असेल तर मी तोच सुचवेन. हे फ्रिडमन मर्क्युरी रेव्हचे माजी सदस्य, आणि त्यांच्याच सहभागातून घडलेला त्या बँडचा 'डेझर्टर्स साँग्ज' (१९९८) लगोलग ऐकण्यासारखा आहे.